चरणारा मासा

सर्जनफिश या नावातच शस्त्रक्रिया आहे. या माशाच्या शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना एकेक धारदार काटा असतो. एरवी तो घडीच्या चाकूसारखा खाचेत मिटलेला राहतो आणि शत्रू अंगावर आला की उघडतो. पण गंमत अशी, की यातल्या बऱ्याच जाती शाकाहारी आहेत. खडकावरचे शेवाळ खरवडून खाणे, हाच त्यांचा दिवसभराचा उद्योग.

चेन्नईत तिरुवल्लिकेणीला आमच्या घरी असा एक मासा आहे. फिकट अंगावर काळे उभे पट्टे, म्हणून त्याला ‘कॉन्व्हिक्ट’, म्हणजे कैदी म्हणतात. बाबांनी तो कोळत्तूरच्या शोभेच्या माशांच्या बाजारातून आणला. त्याला पोहायला मोकळी जागा लागते, म्हणून टाकी पाच फूट लांबीची आहे. आजी पहिल्याच दिवशी म्हणाली, “अरे, हा मासा कसला, वासरू आहे! तोंड म्हणून थांबत नाही.”

आजीचे म्हणणे खरे होते. शेवाळात पोषण थोडे, म्हणून त्याला सतत चरावे लागते. टाकीतले शेवाळ काही दिवसांतच संपते. मग वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा, म्हणजे नोरीचा, तुकडा चिमट्याला लावून रोज काचेवर अडकवायचा. पोट खपाटीला गेलेले दिसले, तर समजायचे की चारा कमी पडतोय. उन्हाळ्यात टाकीतले पाणी आटते, पण मीठ मागेच राहते. म्हणून भर घालताना गोडे, शुद्ध केलेले पाणीच घालायचे.

प्रवाळखडकांवर छोटे डॅमसेल मासे आपापल्या शेवाळाची राखण करतात. एकटा कैदी गेला, तर ते त्याला हुसकून लावतात. म्हणून कैदी थव्याने उतरतात. राखणदार एकाच्या मागे धावतो, तोवर बाकीचे चरून घेतात. आमच्या टाकीत त्याला थवा नाही. तो थवा घरच्यांनीच व्हायचा असतो.

डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग वादळाच्या पावसात चेन्नई बुडाली, तेव्हा मी आठवीत होतो. आमची वीज गेली आणि पंप थांबले. पाणी हलले नाही, की त्यात पुरेसा प्राणवायू मिसळत नाही. संध्याकाळपर्यंत मासा वर येऊन भराभर कल्ले हलवू लागला. बाबांनी कागदावर पाळ्या लिहिल्या, प्रत्येकाला एक तास. तांब्याने पाणी उचलायचे आणि उंचावरून टाकीत सोडायचे. खाणे बंद, कारण उरलेले अन्न कुजले तर पाणी आणखी बिघडते. पहाटेची पाळी आजीने मागून घेतली. “तसंही मला त्या वेळी जागच असते,” म्हणाली. दुसऱ्या दिवशी दुपारी वीज आली. संध्याकाळी मासा पुन्हा खडक खरवडत होता.

आमच्या घरापासून मरीना चालत जाण्याइतकी जवळ आहे. तिथे १९०९ मध्ये मत्स्यालय सुरू झाले होते. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, जपानी हल्ल्याच्या भीतीने ते बंद करण्यात आले. हे प्रथम ऐकले, तेव्हा मला वाटले होते की नुसत्या भीतीने कशाला बंद करायचे? त्या रात्रीनंतर तसे वाटत नाही. टाकी फुटायला बॉम्ब लागतो. टाकीतला जीव जायला पाणी खेळवणारे हात थांबले तरी पुरते.

आता मी वसतिगृहात असतो. नोरी आजी लावते, गोड्या पाण्याची भर आई घालते आणि दर रविवारी बाबा पाण्याची क्षारता मोजतात. फोन लागला, की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “आजी, पोट भरलेलं दिसतंय का?”

“त्याचं भरलंय,” आजी म्हणते, “तुझं सांग.”