लेन्सचे कान पिळणारी माणसं

पडद्यावर नायिकेच्या डोळ्यांत पाणी तरळतं आणि थिएटरमधल्या बायकांचा हात पदराकडे जातो. दिग्दर्शकाची वाहवा होते, नटीची होते, छायालेखकाला एखादं पारितोषिक मिळतं. पण नायिका दोन पावलं पुढे आली तेव्हा कॅमेऱ्याच्या बाजूला श्वास रोखून उभ्या असलेल्या एका माणसानं लेन्सची कडी नेमकी तेवढीच फिरवली नसती, तर ते पाणी कुणाला दिसलंच नसतं. दिसला असता तो एक धुरकट चेहरा आणि मागच्या भिंतीवरचं लख्ख कॅलेंडर!

चेन्नईच्या कोडंबाक्कम आणि वडपळनी भागात या माणसाला फोकस पुलर म्हणतात. मराठीत त्याला शब्द नाही, आणि असायचं कारणही नाही. त्याचं काम चोख झालं की ते कुणाच्या लक्षातच येत नाही. गंमत म्हणजे तो कॅमेऱ्यातून बघत नसतो. कॅमेऱ्याला डोळा लावलेला असतो तो दुसऱ्यानंच. फिल्मच्या जमान्यात तर त्याला बघायला मॉनिटरही नव्हता. हातात टेप, जमिनीवर खडूच्या खुणा, लेन्सभोवती गुंडाळलेल्या पांढऱ्या पट्टीवर पेन्सिलीच्या रेघा, एवढीच सामग्री. कॅमेऱ्याच्या अंगावर एक गोल आणि त्यातून गेलेली रेघ अशी खूण असते. आत फिल्म नेमकी कुठे आहे ते ती सांगते. टेपचं एक टोक तिथे, दुसरं टोक नटाच्या डोळ्यापाशी. तालमीत अंतर मोजायचं, आणि प्रत्यक्ष शॉटला नट खुणेवर थांबला नाही तर नजरेनंच ओळखायचं की गडी वीतभर पुढे आलाय. (नट खुणेवर थांबत नाहीत. मोठे नट तर मुळीच नाहीत!)

मग डोळे नटावर असताना हाताला कसं कळायचं की कडी कुठवर फिरली? तिथेच आपल्या गोष्टीतले ‘कान’ येतात.

भारतीय चित्रीकरणात वर्षानुवर्षं राबलेल्या ॲरिफ्लेक्स टू-सी या जर्मन कॅमेऱ्याबरोबर श्नायडर कंपनीच्या लेन्स येत. त्यातल्या कित्येकींच्या फोकसच्या कडीला दोन बाजूंना दोन चपटे कान असत. बोटानं कान ढकलायचा, कडी फिरते. वरवर पाहता ही निव्वळ पकडायची सोय. पण गुळगुळीत गोल कडी आणि कान असलेली कडी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. गोल कडीला हात लावून ती कुठे आहे ते कळत नाही, वाकून आकडे वाचावे लागतात. कान मात्र बोटाला थेट सांगतो, मी इथे आहे.

पटत नसेल तर स्वयंपाकघरात जा. गॅसच्या बटणावर मधोमध एक उभी पट्टी असते. दूध उतू जात असताना गृहिणी खाली वाकून बटण बघत बसते का? नजर दुधावर, आणि बोटाला कळतं की पट्टी किती फिरली, गॅस किती मंद झाला. तीच पट्टी काढून तिथे गोल गुळगुळीत चकती बसवा, आठवड्यात घरात ओरडा होईल. फोकसचा कान म्हणजे ही गॅसची पट्टी. 

आता हिशेब बघा. पाच फुटांवर, म्हणजे दीड मीटरवर नटी बसलीय. लेन्स ५० मिलिमीटरची. लख्ख प्रकाशात लेन्सचं तोंड आवळून एफ ८ वर ठेवलं, तर पुढेमागे मिळून सुमारे ३६ सेंटीमीटर खोलीपर्यंत सगळं रेखीव दिसतं. चुकायला फूटभर जागा! पण प्रकाश कमी करून तोंड एफ २ इतकं उघडलं, की ही खोली उरते अवघी ९ सेंटीमीटर. डोळे धरले तर कान पुसट. आणि नटीनं बोलता बोलता मान जरा पुढे केली की संपलं.

म्हणूनच बालू महेंद्र यांच्यासारख्या छायालेखकाच्या हाताखाली फोकस सांभाळणं ही सोपी गोष्ट नसणार. मूळचे श्रीलंकेचे बालू महेंद्र छायालेखन शिकले ते आपल्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये. १९६९ मध्ये तिथून बाहेर पडले आणि कारकीर्द गाजवली दक्षिणेत. खिडकीतून येईल त्या उजेडात, दिव्यांचा फारसा मारा न करता चित्रीकरण ही त्यांची ओळख. ‘मूंद्राम पिरै’ (१९८२) साठी त्यांना छायालेखनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हाच चित्रपट त्यांनी पुढच्या वर्षी हिंदीत ‘सदमा’ म्हणून केला. उटीजवळच्या केट्टी स्टेशनवर भिजत धावणारा कमल हासन आणि निघालेल्या गाडीतली श्रीदेवी आठवा. गाडी हलतेय, माणूस धावतोय, अंतर क्षणाक्षणाला बदलतंय. प्रेक्षक रडतात ते कथेमुळे हे खरं, पण रडायला चेहरा तर दिसायला हवा!

पुणे आणि मद्रास यांचं हे नातं तसं फार जुनं. दक्षिणेतला पहिला मूकपट ‘कीचक वधम’ मद्रासमध्ये तयार झाला तो १९१७-१८ च्या सुमारास. तो काढणारे आर. नटराज मुदलियार मोटारींच्या सुट्या भागांचे व्यापारी. दादासाहेब फाळके यांचे चित्रपट पाहून त्यांना हे वेड लागलं आणि कॅमेरा चालवण्याचे धडे त्यांनी घेतले ते पुण्यात असलेल्या स्ट्युअर्ट स्मिथ या ब्रिटिश छायालेखकाकडून. तेव्हा तर कॅमेऱ्याचा दांडाही हातानंच फिरवायचा. एका हातानं दांडा, दुसऱ्या हातानं बाकी सगळं. फोकससाठी वेगळा माणूस ही चैन नंतरची.

चैन म्हणायची, पण त्या माणसाच्या जिवाला घोर किती! फिल्मच्या काळात चूक लगेच दिसत नसे. फिल्म लॅबमध्ये जायची, धुऊन यायची, मग प्रोजेक्शनला सगळी युनिट बसायची. तोवर सेट मोडलेला, नायक दुसऱ्या निर्मात्याकडे गेलेला. शॉट पुसट निघाला की खोलीतल्या सगळ्या माना एकाच माणसाकडे वळायच्या. कारण सांगायची सोय नाही, आणि पुढच्या चित्रपटाला बोलावणं येईल याची शाश्वती नाही. १९७५ च्या ‘अपूर्व रागंगळ’मध्ये एक नवखा नट फाटक ढकलून आत येतो. बंगळूरच्या मराठी घरातला शिवाजीराव गायकवाड, म्हणजे आजचा रजनीकांत. त्या चित्रपटाच्या छायालेखनासाठी बी. एस. लोकनाथ यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. फाटकाचं दृश्य लोकांच्या तोंडी आहे. कडीवर कुणाचं बोट होतं, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही.

आज सेटवर मॉनिटर आहेत, बिनतारी चाकं आहेत, अंतर मोजणारी यंत्रं आहेत. कान मात्र मेलेले नाहीत. उलट घरगुती फोटोग्राफीत ते नव्यानं उगवले आहेत. लायकाच्या जुन्या छोट्या लेन्सना असा एक कान कारखान्यातूनच मिळायचा. बोट अडकवायला मधे खोलगट, चंद्रकोरीसारखा. ३५ मिलिमीटरच्या लेन्सवर तो सरळ खाली लोंबत असला की फोकस साधारण दीड-एक मीटरवर आहे, एका टोकाला ढकलला की दूरचा डोंगर, दुसऱ्या टोकाला ढकलला की समोरचं ताट. सरावलेला माणूस कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधीच फोकस करून मोकळा होतो. मैलापूरच्या रथयात्रेच्या गर्दीत हे फार उपयोगी पडतं.

ज्या लेन्सना कान नाही, त्यांच्यासाठी वरून बसवायचे कान मिळतात. कुणी रबरी कडं विकतं, कुणी थ्री-डी प्रिंटरवर मापाचं छापून देतं. कपाटात वडिलांची जुनी हातानं फोकस करायची लेन्स पडून असेल, तर ॲडॉप्टर लावून ती नव्या मिररलेस कॅमेऱ्यावर चालू शकते. आणि सांधे धरलेल्या बोटांना अख्खी कडी चिमटीत धरून फिरवण्यापेक्षा एका बोटानं कान ढकलणं कितीतरी सुसह्य. साठी ओलांडलेल्या, बोटं कुरकुरतात म्हणून छंद गुंडाळून ठेवलेल्या माणसांनी एकदा हे करून पाहावंच.

एक मात्र सांभाळा. नव्या ऑटोफोकस लेन्सना कान लावू नका. त्यातल्या बऱ्याचशांची कडी टोकाला न अडता नुसती गोल गोल फिरत राहते. तिला आत फक्त मोटर जोडलेली, अंतराशी ठरलेलं नातं नाही. तिथे कान कुठेही असला तरी तो काहीच सांगत नाही. काहींची कडी फोकस होताना आपोआप फिरते. तिथे तर कान कुठेतरी अडकून मोटरला त्रास व्हायचा.

आणि चेन्नईसारख्या समुद्रकाठच्या गावात, किंवा आपल्या मुंबई-कोकणात, कान चिकटवण्याच्या फंदात पडू नये. मे महिन्यातल्या उकाड्यात डिंक मऊ पडतो, कान घसरतो, आणि चिकट राड लेन्सवर राहते. (याच दमट हवेत काचेवर बुरशी धरते. म्हणून लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी, कातडी पिशवीत नव्हे.) सिनेमावाल्यांची युक्ती फार स्वस्त आहे. रिची स्ट्रीटवर, किंवा कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात, वायर बांधायचे प्लॅस्टिकचे टाय मिळतात. त्यातला एक कडीभोवती घट्ट ओढायचा. त्याचं चौकोनी डोकं झालं कान! फोकस दीड मीटरवर ठेवून डोकं बरोबर खाली येईल असं बसवायचं. उरलेली शेपटी कापून टाकायची आणि कापलेलं टोक नखं घासायच्या कानशीनं गुळगुळीत करायचं, नाहीतर पहिल्याच दिवशी बोटाला ओरखडा ठरलेला.