सावंतवाडीच्या गंजिफा

कोंकणांतील जुन्या संस्थानी गांवांत सावंतवाडीची गोष्ट थोडी निराळी आहे. इतर ठिकाणीं गतवैभवाची साक्ष पटविण्यास पडके बुरूज आणि ओस वाडे दाखवावे लागतात. येथें ती साक्ष लांकडी फळांत, लाखेच्या रंगांत आणि तळहातावर मावणाऱ्या वाटोळ्या पत्त्यांत अद्याप जिवंत आहे. हे वाटोळे पत्ते म्हणजेच गंजिफा. गेल्या मार्गशीर्षांत आम्ही सहकुटुंब तिकडे गेलों, तें मुख्यतः गंजिफांचा एक चांगला संच निवडून आणण्यासाठीं. तो कसा निवडावा याविषयीं तेथें जो खल झाला, तो वाचकांच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

१९९८ सालीं कोंकण रेल्वेचा सर्व मार्ग खुला झाला, तेव्हांपासून वाडीचा प्रवास सुखाचा झाला आहे. स्टेशन गांवापासून कांहीं मैल दूर आहे. तेथून झाडींतून जाणाऱ्या रस्त्यानें गांवांत शिरलें, कीं डोंगरांच्या कुशींत पसरलेला मोती तलाव दृष्टीस पडतो. हा तलाव १८७४ सालचा. त्याच्या कांठींच भोंसल्यांचा राजवाडा आहे. १९४८ सालीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें आणि १९८१ पासून हा मुलूख सिंधुदुर्ग जिल्ह्यांत मोडतो. तथापि गांवाचा चेहरामोहरा अजून राजधानीचाच आहे. चितारआळींत लांकडाचे आंबे, फणस, केळीं, पाळण्यावर टांगावयाचीं चिमणींपाखरें आणि रंगीत पाट यांचीं दुकानें आहेत. त्यांतील केळें खरें समजून आमच्या सर्वांत धाकट्या नातवानें तें सोलूं पाहिलें, यावरून कारागिरांच्या हातचें कसब वाचकांच्या ध्यानांत येईल.

गंजिफांचा खेळ मूळचा इराणाकडील. बाबरानें १५२७ सालीं सिंधच्या शहा हसनास गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रांत सांपडते. अकबराच्या पत्त्यांचें वर्णन अबुल फज्लनें ऐने अकबरींत दिलें आहे. त्या संचांत बारा रंग असून प्रत्येक रंगाचीं बारा पानें होतीं. पुढें आठ रंगांचा, ९६ पानांचा मोगली खेळ रूढ झाला. हाच खेळ हिंदु घरांत आला तेव्हां रंगांच्या जागीं श्रीविष्णूचे दहा अवतार बसले आणि पानांची संख्या १२० झाली. ओरिसांत, बंगालच्या विष्णुपुरांत, म्हैसुरांत आणि आपल्या वाडींत त्या त्या प्रांताच्या हातवळणाप्रमाणें गंजिफा होऊं लागल्या. म्हैसूरच्या तिसऱ्या कृष्णराज वडियारांनीं तर नवेनवे खेळ कल्पून त्यांसाठीं निराळे संच करविले होते.

छापील विलायती पत्ते स्वस्त मिळूं लागल्यावर हातानें रंगविलेल्या पानांस गिऱ्हाईक उरलें नाहीं. वाडींतही हें काम जाणणारे चितारी बोटांवर मोजण्याइतकेच राहिले होते. अशा वेळीं वाडीचे शेवटचे राजे शिवरामराजे सावंत भोंसले आणि त्यांच्या पत्नी सत्त्वशीलादेवी यांनीं एका वृद्ध चिताऱ्याकडून ती विद्या समजून घेतली, व १९७१ च्या सुमारास राजवाड्यांतच गंजिफांचें व लाखकामाचें काम पुनश्च सुरू केलें. राणीसाहेब स्वतः चित्रें काढीत. त्या २०१८ सालीं निवर्तल्या, परंतु काम बंद पडलें नाहीं. २०२४ सालीं वाडीच्या गंजिफांस भौगोलिक मानांकनही मिळालें.

आतां पानांच्या रचनेविषयीं. प्रत्येक अवताराचीं बारा पानें: एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंत दहा पानें. राजाच्या पानावर तो तो अवतार. प्रधान बहुधा अश्वारूढ. बाकीच्या पानांवर खुणा असतात. मत्स्याची मासा, कूर्माची कांसव, परशुरामाची परशु, रामाची बाण, कल्कीची तलवार अशा त्या खुणा आहेत; त्यांत प्रांतपरत्वें थोडा फरक पडतो. प्रत्येक रंगाच्या पानांची जमीन, म्हणजे चित्रामागील सपाट भाग, निराळ्या वर्णाची असते. खेळ तिघांचा, प्रत्येकास चाळीस पानें. हुकूम असा कोणताच नाहीं. उतरलेल्या रंगाचें वरचढ पान ज्याचें, त्याचा हात. दिवसा खेळावयाचें तर रामाच्या रंगापासून आरंभ, रात्रीं खेळावयाचें तर कृष्णाच्या. पांच रंगांत प्रधानाखालीं दश्शी श्रेष्ठ व एक्का कनिष्ठ. उरलेल्या पांचांत याच्या उलट, एक्का श्रेष्ठ व दश्शी कनिष्ठ. कोणतीं पानें पडलीं व कोणतीं उरलीं हें ज्याच्या स्मरणांत राहील तोच जिंकतो.

आमच्या घरांत हा खेळ येणारें माणूस एकच, आमच्या थोरल्या वहिनी. त्यांचें माहेर कुडाळाकडचें. तेथें आजोबांच्या मांडीशीं बसून त्या हा डाव शिकल्या. माहेरचा संच वाळवीनें खाल्ला, आणि सासरीं कोणी खेळणारें नसल्यानें साठ वर्षें तो विषयच निघाला नाहीं. आज त्यांचें वय ८४ आहे. दृष्टि मंदावली आहे, स्मरण मात्र शाबूत आहे. हें स्मरण आहे तोंवर संच घरांत आला पाहिजे, हा आमच्या प्रवासाचा खरा हेतु होता.

राजवाड्याच्या दिवाणखान्यांत कारागीर बैठ्या मेजांपुढें बसून काम करतात, तें पाहतां येतें. पूर्वी कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्यांच्या खळीनें चिकटवून, त्यांवर लेप देऊन, घोटून पान तयार करीत. आतां जाड कागद घेतात. वर्तुळ कापलें, जमीन भरली, कीं बारीक कुंचल्यानें आकृति काढावयाची, आणि शेवटीं लाखेचा हात देऊन पान टिकाऊ करावयाचें. आमच्यासमोर एक तरुण कारागीर कांसवें काढीत होता. एकापाठोपाठ एक दहा कांसवें झालीं, तरी त्याचा हात कोठें अडखळला नाहीं.

आमच्यापुढें दोन संच ठेवण्यांत आले. एक दरबारी कलमाचा: कांठावर नाजूक वेलबुट्टी, आकृति रेखीव, अलंकार दाट. दुसरा बाजारी कलमाचा: वेलबुट्टी नाहीं, रेषा ठसठशीत, जमीन मोकळी. किंमतींत पुष्कळ अंतर. पैसे देणार होता तो आमचा पुतण्या, वहिनींचा वडील मुलगा. त्याचें मन दरबारी संचावर बसलें. दहा राजे कांचेच्या चौकटींत घालून दिवाणखान्यांत लावावे, असा त्याचा बेत होता. आमच्या थोरल्या नातीनें तर तिसराच प्रश्न काढला. ती म्हणाली, "आजोबा, चित्रांसाठींच पत्ते घ्यायचे, तर टॅरोच कां घेऊं नये? त्यांतलीं चित्रं किती सुरेख असतात!"

प्रश्न रास्त होता, म्हणून आम्हीं तिला टॅरोची हकीकत सांगितली. टॅरोचीं ७८ पानें. हीं पानें पंधराव्या शतकांत इटलींत निघालीं तीं डाव खेळण्यासाठींच. मिलानच्या राजघराण्यानें सोन्याचा वर्ख लावून तीं रंगवून घेतलीं होतीं. भविष्य पाहण्याकडे त्यांचा उपयोग अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत फ्रान्समध्यें बोकाळला. आज सर्वत्र दिसणारा संच १९०९ सालीं लंडनांत प्रसिद्ध झाला. त्याचीं चित्रें पॅमेला कोलमन स्मिथ या बाईंनीं काढलेलीं आहेत आणि तीं खरोखरच सुंदर आहेत. फ्रान्समध्यें टॅरोचा डाव अजून रंगतो. परंतु इतरत्र ज्यांच्याजवळ हीं पानें आहेत त्यांतील बहुतेकांस, तीं खेळावयाचीं होतीं हेंच ठाऊक नसतें. चित्र राहिलें आणि डाव गेला. गंजिफांवर हीच पाळी येऊं पाहत आहे.

इतका वेळ वहिनी स्वस्थ बसल्या होत्या. त्यांनीं दोन्ही संच जवळ ओढले आणि चित्रांकडे न पाहतां पानें प्रथम पालथीं घातलीं. सर्व पाठी एकाच रंगाच्या व निर्मळ आहेत ना, हें त्यांनीं पाहिलें. कारण पाठीवर एक डाग असला तरी तें पान ओळखूं येतें आणि खेळ नासतो. मग वीस-वीस पानांची चवड रचून तिच्या कडेवरून बोट फिरविलें. एखादें पान बाहेर डोकावत असेल तर तें पिसतांना अडतें व त्याची कड लवकर झडते. एक एक पान मेजावर ठेवून तें डुलतें कीं काय तें पाहिलें. दोन पानें एकमेकांवर दाबून धरलीं व सोडलीं. लाख कच्ची असेल तर कोंकणच्या पावसाळ्यांत पानें चिकटून बसतात, असें त्या म्हणाल्या. या सर्व कसोट्यांस दोन्ही संच उतरले.

भेद पडला तो यापुढें. वहिनींनीं दरबारी संचांतील चाळीस पानें हातांत पंख्यासारखीं धरलीं. वाटोळ्या पानाची केवळ एक कोर तेवढी दिसते, आणि त्या कोरेवर सर्वत्र वेलबुट्टीच. जमिनीचा वर्ण ओळखावयास प्रत्येक पान उपसून पाहावें लागे. शिवाय कांठानें जागा खाल्ल्यामुळें नवव्या व दहाव्या पानावरील खुणा इतक्या दाटल्या होत्या, कीं त्या मोजाव्या लागत. बाजारी संचांत कोर दिसतांच रंग कळे आणि पान समोर येतांच आंकडा कळे. तांबडा व शेंदरी हे दोन वर्ण दिव्याच्या उजेडांत एकमेकांत मिसळतील अशी त्यांस शंका आली, म्हणून दालनाच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत नेऊन तीं पानें पाहिलीं. तेथेंही तीं निराळीं दिसलीं.

पुतण्या म्हणाला, "आई, दरबारी संच शंभर वर्षं टिकेल. घराण्यांत राहील."

वहिनी म्हणाल्या, "राहील रे. पण तूं तीं पानं भिंतीवर लावलींस, तर मी या पोरांना शिकवूं कशानं? आणि मी गेल्यावर तुझ्या त्या चौकटीकडे पाहून कुणाला डाव येणार आहे?"

यावर बोलण्यासारखें कांहीं नव्हतें. आम्हीं बाजारी संच घेतला. सरकत्या झांकणाच्या रंगीत पेटींत १२० पानें मोजून भरून घेतलीं. पुतण्याच्या हौसेखातर दरबारी कलमाचें एक सुटें चित्र घेतलें, तें दिवाणखान्यांत लागलें आहे आणि तेथें शोभतेंही.

दरबारी काम हलकें असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. ज्यास चित्र म्हणून संग्रह करावयाचा असेल त्यानें तेंच घ्यावें, व त्याची किंमत देतांना घासाघीस करूं नये. कारण एकेका राजाच्या पानामागें कारागिराचे डोळे खर्ची पडतात. परंतु ज्या घरांत चार मुलें आहेत आणि खेळ जाणणारें एखादें वडील माणूस अद्याप आहे, त्या घरानें खेळण्याजोगा संच आधीं घ्यावा. पानाचें सौंदर्य हातांत धरल्यावर कळतें, आणि वाडीच्या जुन्या चिताऱ्यांनीं तें हातासाठींच घडविलें होतें.

परत आल्यावर रोज दिवेलागणीनंतर कृष्णाच्या रंगापासून डाव सुरू होतो. मुलांस मासा, कांसव, परशु चटकन ओळखतां येऊं लागले. उलट्या क्रमाचे पांच रंग मात्र अजून घोटाळ्यांत पाडतात, आणि बहुतेक हात वहिनींच्याच पदरांत पडतात. त्या सांगतात तसतसे नियम आम्ही एका वहींत उतरवून घेत आहों. आजवर बावीस पानें भरलीं आहेत. वही पूर्ण झाली म्हणजे ती त्याच पेटीशेजारीं ठेवावयाची, असें सर्वानुमतें ठरलें आहे.