गोव्याला जाऊन आले... फक्त एअरपोर्टवर!

३० मार्च २०२५. गुढीपाडवा. सकाळी फडके रोडवर ढोल-ताशे, फेटे, नऊवारीतल्या मुली, मोबाइल उंच धरून शूटिंग करणारे काका-मामा... पाडव्याला अख्खी डोंबिवली इथेच असते. आणि मी? पाठीला छोटीशी सॅक लावून गर्दीच्या बरोब्बर उलट्या दिशेने, स्टेशनकडे!

‘‘पाडव्याला कुठे निघालीस?’’ गुढीला साखरेची गाठी बांधता बांधता आईने विचारलं.

‘‘गोव्याला.’’

‘‘आणि येणार कधी?’’

‘‘संध्याकाळच्या आत. श्रीखंड ठेव.’’

आईने माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं आता कडुनिंबाची पानं दुप्पट खायला लावणार!

सांगते, सगळं सांगते. या प्रकाराला फ्रीक्वेंट फ्लायर मंडळी ‘माइलेज रन’ म्हणतात. म्हणजे कुठेतरी जायचं म्हणून विमानात बसायचं नाही, विमानात बसायचं म्हणून कुठेतरी जायचं. पोचलात, की त्याच दिवशी परत फिरायचं. हॉटेल नाही, बीच नाही, काही नाही. कमाई काय? कार्डावरचे पॉइंट्स आणि वरची ‘टियर’.

मला हा फंडा शिकवला घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका मित्राने. तो कन्सल्टंट आहे, आठवड्यातून दोनदा उडतो, आणि त्याच्या लॅपटॉपवर पॉइंट्सची एक्सेल शीट असते. त्याचा सिद्धांत सोपा आहे. आधी बघायचं, आपली स्कीम मोजते काय? अंतर मोजत असेल, तर लांबचा पल्ला घ्या. उड्डाणं मोजत असेल, तर जवळचं आणि स्वस्त घ्या. पैसे मोजत असेल, तर गुपचूप घरी बसा!

हे वेड आलं अमेरिकेतून. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ च्या मे महिन्यात माइल्सची स्कीम आणली आणि बाकीच्या कंपन्या मागोमाग धावल्या. १९९९ मध्ये तर कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड फिलिप्स नावाच्या इंजिनीअरने कमाल केली. पाकिटावरच्या लेबलांवर माइल्स मिळतात म्हणून पठ्ठ्याने पुडिंगचे १२,१५० कप विकत घेतले! खर्च सुमारे ३,१४० डॉलर, कमाई साडेबारा लाख माइल्स. पुडिंग दान करून टाकलं.

आपल्याकडे हे दिवस हळूहळू सरतायत. एअर इंडियाने एप्रिल २०२४ पासून अंतराऐवजी खर्च केलेल्या रुपयांवर पॉइंट्स द्यायला सुरुवात केली. इंडिगोने तर १८ वर्षं अशी स्कीमच ठेवली नव्हती, ती आणली २०२४ मध्ये. पण माझ्या कार्डाच्या स्कीममध्ये तेव्हा एक फट शिल्लक होती. वर्षात ठरावीक उड्डाणं पूर्ण केली, की वरची टियर. माझं वर्ष ३१ मार्चला संपणार होतं आणि मला कमी पडत होती... फक्त दोन उड्डाणं!

मग काय, हिशेब सुरू. गोवाच का? तर जेमतेम सव्वा तासाची फ्लाइट. आणि रविवारच का? सोमवारी ईदची सुट्टी होती. लाँग वीकेंडवाले शुक्रवारी-शनिवारी निघून गेले होते आणि परतणार होते सोमवारी. मधला रविवार दुपारचा स्वस्त होता. जाऊन-येऊन सहा हजारांच्या आत. फ्रीलान्सरच्या भाषेत सांगायचं तर दोन लेखांचं मानधन. हो, मी दोन लेख हवेत उडवले!

तेवढ्यात मी एक माती खाल्ली. जाण्याचं आणि येण्याचं तिकीट वेगवेगळं काढलं, कारण त्यात सहाशे रुपये वाचत होते. मित्राने बजावलं होतं, ‘‘एकाच पीएनआरवर काढ. पहिली फ्लाइट लेट झाली तर दुसरीची जबाबदारी कोणाची?’’ पण डोंबिवलीकराला सहाशे रुपये म्हणजे...

लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो, मग रिक्षा. इथवर सगळं मस्त. पण फ्लाइट पन्नास मिनिटं लेट! दाबोळीला उतरले तेव्हा साडेबारा वाजले होते. परतीचं विमान दीडचं, गेट बंद होणार पंचवीस मिनिटं आधी. हातात पस्तीस मिनिटं. बॅग चेक-इन केली नव्हती आणि परतीचं वेब चेक-इन आदल्या रात्रीच झालं होतं, म्हणून वाचले. अरायव्हलमधून बाहेर, तशीच डिपार्चरला आत, पुन्हा ओळखपत्र, पुन्हा सिक्युरिटी. तिथल्या ताईंनी ट्रेमधली माझी सॅक पाहिली. त्यात पाण्याची रिकामी बाटली, चार्जर आणि एक पुस्तक.

‘‘इतनाही सामान?’’

‘‘जी, बस मिलने आयी थी.’’

कोणाला, ते त्यांनी विचारलं नाही. नशीब!

समुद्र पाहिला तो खिडकीतून, उतरताना एकदा आणि चढताना एकदा. गेटजवळच्या दुकानातून काजूचं पाकीट घेतलं, तेवढाच पुरावा. साडेपाचला घरी पोचले, तेव्हा फडके रोडवर फक्त विस्कटलेल्या रांगोळ्या उरल्या होत्या. घर सोडल्यापासूनच्या वेळाचा हिशेब केला, तर विमानात होते तीन तासही नाही. बाकी सगळा वेळ लोकल, मेट्रो, रिक्षा आणि रांगा.

जेवताना मी बाबांना सगळं एक्सेल शीटसकट समजावलं. मनात धाकधूक, की आता लेक्चर मिळणार. बाबा शांतपणे श्रीखंड संपवत होते.

‘‘म्हणजे उलटं जायचं, जागा मिळवण्यासाठी,’’ ते म्हणाले. ‘‘मग मी तीस वर्षं दुसरं काय केलं?’’

आणि मला एकदम क्लिक झालं! बाबा राहायचे डोंबिवलीत, पण पास काढायचे कल्याणचा. सकाळी डोंबिवलीला गाडीत शिरायलाच मिळत नाही, बसणं तर सोडाच. म्हणून ते आधी उलटे कल्याणला जायचे आणि तिथून सुटणाऱ्या गाडीत खिडकी पकडायचे. थोडे जास्त पैसे, अर्धा तास जास्त, पण सीएसएमटीपर्यंत बसून. आमच्याकडे हे निम्मं गाव करतं. त्याला कोणी इंग्रजी नाव दिलं नाही, एवढंच.

त्या रात्री मी दुसरा हिशेब केला. डोंबिवली ते सीएसएमटी साधारण ४८ किलोमीटर. रोजचे ९६. वर्षाचे २८० दिवस, नोकरीची ३३ वर्षं. एकूण ८ लाख ८७ हजार किलोमीटर! चंद्रावर जाऊन परत या, वर पृथ्वीला जवळपास तीन प्रदक्षिणा घाला. सगळे प्रवास ‘सेम डे रिटर्न’. पॉइंट्स? शून्य. आणि कमावलेली एकमेव टियर म्हणजे शेवटच्या काही वर्षांतला फर्स्ट क्लासचा पास.

विमानात हा माणूस एकदाही बसला नव्हता. आईसुद्धा नाही. आणि मी लाउंजमधल्या फुकट इडलीसाठी गोव्याला जाऊन आले होते.

कार्ड वरच्या टियरचं झालं. दोन-तीन महिने मी ते जाम मिरवलं. मग एक दिवस मेल आला, नियम बदलतायत. यापुढे उड्डाणं नाही, खर्च मोजणार. म्हणजे माझी युक्ती एका वर्षात म्हातारी! तेव्हा किंगफिशर आठवली, २०१२ मध्ये बंद पडली. जेट आठवली, १७ एप्रिल २०१९ ला शेवटचं उडाली. पॉइंट्स म्हणजे काही लोणचं नव्हे फ्रेंड्स, मुरवत ठेवायला. मी सगळे साचलेले पॉइंट्स एका फटक्यात मोडले आणि दोन तिकिटं काढली. आई आणि बाबा, मुंबई ते बंगळुरू, दादाकडे. माझं तिसरं तिकीट पैसे भरून, पण तिघं एकाच बुकिंगवर, म्हणजे माझ्या कार्डाचा फायदा त्यांनाही. पीएनआर एकच... शिकले ना मी!

बोर्डिंगच्या वेळी लोक नेहमीप्रमाणे लांबलचक रांग लावून उभे होते. मी कार्ड दाखवलं आणि आम्ही बाजूच्या मोकळ्या रांगेतून पुढे गेलो. आईला ओशाळल्यासारखं झालं. ‘‘अगं, ते लोक आपल्या आधीचे आहेत ना?’’

बाबांनी मात्र मान डोलावली. त्यांना सिस्टिम लगेच कळली होती.

‘‘चल गं,’’ ते आईला म्हणाले, ‘‘आपल्याकडे कल्याणचा पास आहे.’’

आणि खिडकी अर्थातच त्यांनी पकडली.