झाकणाचा गळा

करंडा हातात घेतला की गिऱ्हाईक आधी झाकण उघडून बघतं. घाट, रंग, नक्षी हे सगळं मागाहून. म्हणून मी तर म्हणेन, करंडा कातणं म्हणजे झाकण बसवणं.

लाकडाची निवड हवी तेवढी लांबवता येते. चन्नपट्टणचे कारागीर काळ्या कुड्याचं पांढरं, बारीक रेषेचं लाकूड वापरतात. त्यावर लाख छान बसते. इकडे संतपूरच्या माळावर बाभूळ आणि कडुनिंब हाताशी असतो. बाभळीला लोक सरपणात टाकतात, पण तिचा लालसर गाभा खरादावर काय चमकतो!

ओंडका दोन टोकांत धरून आधी गोल करायचा, मग झाकणाचा तुकडा वेगळा कापायचा. दोन्ही भाग एकाच ठोकळ्यातले असले की रेषा खालून वर सलग जातात आणि सांधा चटकन दिसत नाही. पोखरायचं मात्र झाकण आधी. खोबण एकदा ठरली, की खालच्या डब्याचा गळा पटाशीनं केसभर उतरवत तिच्याशी जुळवता येतो. उलट क्रमानं गेलं तर आत बघत, अंदाजानं खोबण मोठी करत बसावं लागतं.

हे जुळवणं कधी करायचं, यात खरी मेख आहे. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, आडवं हलतं, आणि तेही सगळीकडून सारखं नाही. वलयांच्या कडेकडेनं ते जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीच्या दिशेनं. त्यामुळे ओल्या लाकडात गोल कातलेला डबा वाळता वाळता लंबगोल होतो. म्हणून भिंती जाड ठेवून आधी कच्चं पोखरायचं, सावलीत वाळू द्यायचं, आणि वाकडं व्हायचं तेवढं होऊन गेल्यावर पुन्हा चकात धरायचं. तरी चैत्रात अलगद उघडणारं झाकण आषाढात अडतंच. बीदरच्या बिदरी कारागिरांना ही कटकट नाही. त्यांचंही ओतलेलं भांडं नक्षीआधी खरादावर गुळगुळीत होतं, पण जस्तात थोडं तांबं मिसळलेल्या त्या धातूला पावसाळा ठाऊक नसतो.

झाकण उघडताना ‘फट्’ असा आवाज यावा, अशी अनेक कातणाऱ्यांची हौस असते. प्रदर्शनात त्याला वाहवा मिळते. मला तो शुद्ध दिखाऊपणा वाटतो. कुंकू लावणाऱ्या बाईच्या एका हातात आरसा असतो, कधी कडेवर पोरही असतं. झाकण एका हातानं उघडलं पाहिजे आणि करंडा कलला तरी आपण होऊन पडता कामा नये. या दोहोंमधली जागा कॅलिपर सांगत नाही. गळ्याला किंचित उतार द्यायचा, वर बारीक, खाली नेमका. उन्हाळ्यात कातत असाल तर मनाला पटतं त्याहून थोडं सैल.

लाख चढवायची ती खराद फिरत असतानाच. रंगीत कांडी फिरत्या लाकडावर दाबली की घासून ऊब येते, लाख वितळते आणि पसरते. सावंतवाडीच्या चिताऱ्यांसारखं कुंचल्यानं रंगवायचं असेल तर गोष्ट निराळी. गळ्याला मात्र लाख अजिबात लावू नये. तिच्या थरानं माप बदलतं, आणि आमच्या वैशाखात ती मऊ होऊन झाकण धरून ठेवते. तिथे मेणाचा हात पुरे.

खाली मेण, वर कुंकू अशा दोन खणांचा करंडा आता क्वचित कुणी मागतं. टिकल्यांची पाकिटं आणि कानातली ठेवायला मागणारे जास्त. त्यांच्यासाठी मी एकच खण खोल करतो आणि गळा थोडा लांब ठेवतो. प्रवासात पिशवी उलटी झाली तरी कुड्या सांडायला नकोत.