पंच व्हायला कोण तयार आहे?

प्रिय सखीस,


न्यू जर्सीत तुला ज्युरीचं समन्स आलंय आणि तू ते टाळायच्या युक्त्या शोधते आहेस, हे वाचून मला तुझा रागच आला बघ. अगं, इथे महाडात मला असं बोलावणं आलं असतं, तर ठेवणीतली साडी नेसून मी तासभर आधीच जाऊन बसले असते!

पण ते येणार कुठून? आपल्याकडे ज्युरीच राहिली नाही. १९५९ साली मुंबईत नऊ जणांच्या ज्युरीनं आठ विरुद्ध एक अशा मतांनी नौदल अधिकारी नानावटींना खुनाच्या आरोपातून निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांना ते पटेना. प्रकरण हायकोर्टात गेलं आणि जन्मठेप झाली. पुढे १९७३च्या फौजदारी संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही. आता त्यासारखं काही असेल तर पारशी मंडळींच्या घटस्फोटाच्या कोर्टात. तिथे न्यायाधीशांबरोबर समाजाचे पाच प्रतिनिधी बसतात.

तू म्हणशील, ज्युरी गेली ते बरंच झालं. लोकांचा न्याय म्हणायचं, पण लोक कोणते? खरंय. १९०८ साली टिळकांच्या राजद्रोहाच्या खटल्यातल्या ज्युरीत सात युरोपियन नि दोन पारशी होते. सातांनी दोषी म्हटलं, दोघांनी निर्दोष. आणि आपल्या गावाचंच घे ना. अस्पृश्यांना चवदार तळ्यावर पाणी भरू देऊ नये म्हणून इथल्या सवर्णांनी बाबासाहेबांवर दावा लावला होता. १९२७च्या महाडातले नऊ ‘प्रतिष्ठित’ निवाड्याला बसवले असते, तर काय झालं असतं हे सांगायला ज्योतिषी नको. बंदीची वहिवाट अनादि काळापासूनची आहे हे सिद्धच होत नाही, असं म्हणून हायकोर्टानं बाबासाहेबांच्या बाजूनं निकाल दिला, तो मार्च १९३७मध्ये.

म्हणूनच म्हणते, तू जा. तुझ्यासारख्यांनी सबबी सांगितल्या की खुर्च्या रिकाम्या राहत नाहीत. तिथे नेहमीचेच लोक बसतात.

आमच्याकडे वकील नसलेल्या, हुद्दा नसलेल्या माणसाला खटल्यात हक्काचं एकच काम मिळतं, पंचाचं. पोलीस झडती घेतात, माल जप्त करतात, तेव्हा परिसरातले दोन तरी प्रतिष्ठित, त्रयस्थ लोक हजर हवेत, पाहून सही करायला. लेखी बोलावूनही सबळ कारणाशिवाय नकार देणं गुन्हा आहे. तरी पोलिसांची गाडी थांबली की चहाच्या टपरीवरची गर्दी बघता बघता पांगते! कारण आज सही केली की चार-पाच वर्षांनी माणगावच्या कोर्टात साक्षीला उभं राहायचं, दिवसाची मजुरी बुडवायची, आणि आरोपी निघायचा भावकीतला. मग पंच फितूर होतात. पोलादपूरकडच्या वाड्यांत तर आणखी पंचाईत. तरणीताठी माणसं मुंबईला, ती दिसणार शिमग्याला नाहीतर गणपतीला. दोन त्रयस्थ माणसं आणायची कुठून? आता नव्या कायद्यानं झडतीचं चित्रीकरण सक्तीचं केलंय. पण कॅमेऱ्याला वकिलानं उलटतपासणीत काय विचारायचं? माणूस लागतोच.

आमच्या ह्यांना म्हटलं, “मला पंच व्हायचंय.” तर म्हणाले, “आधी दळण आण.” दळण आणलं, पण विचार काही सोडलेला नाही. बोलावलं तर जाणार, पाहीन तेवढ्यावरच सही करणार, आणि कोर्टात तेच सांगणार.

तूही समन्सला हजर राहा. खटला चालू असताना बोलायची बंदी असते म्हणतात, तेव्हा निकाल लागेपर्यंत गप्प बस. त्यानंतर मात्र सविस्तर पत्र हवं: बाकीचे अकरा जण कसे होते, आणि तुझं मत कुणी बदलवलं का?

तुझी,
महाडकरीण