न झालेली लढत

गेल्या मे महिन्यात मुलगी, जावई आणि नातू यांच्यासमवेत दोन दिवस गणपतीपुळ्याला राहण्याचा योग आला. रत्नागिरीहून आरे-वारेच्या मार्गाने निघाले की एका हाताला डोंगर आणि दुसऱ्या हाताला समुद्र अशी सोबत मिळते. चाळीसेक वर्षांपूर्वी मी येथे प्रथम आलो, तेव्हा एस.टी.तून उतरल्यावर नारळाच्या बागा, कौलारू घरे आणि वाळू यांखेरीज डोळ्यांत भरण्यासारखे फारसे काही नव्हते. आता घरोघरी निवासाच्या पाट्या लागल्या आहेत. टेकडीला प्रदक्षिणा घालणारे भाविक आणि पश्चिमेकडे तोंड करून असलेले ते देऊळ मात्र जिथल्या तिथे आहे. समुद्राचा स्वभावही बदललेला नाही. वरून शांत दिसणारे ते पाणी पायाखालची वाळू केव्हा ओढून नेईल याचा नेम नाही, असे गावातली माणसे आजही बजावून सांगतात.

आम्ही उतरलो होतो ते एका घरगुती निवासात. संध्याकाळी ओटीवर बसलो असता घरमालक सोलकढीचे पेले घेऊन आला. पंचेचाळिशी ओलांडलेला, पोट थोडे सुटलेला, हसऱ्या चेहऱ्याचा गृहस्थ. पेला माझ्या हाती देताना तो क्षणभर थबकला आणि म्हणाला,

"सर ना तुम्ही? पी. टी.चे?"

मी होकार दिला. परंतु ओळख पटेना. तीस वर्षांच्या नोकरीत हाताखालून गेलेली मुले किती म्हणून ध्यानात राहणार? माझा गोंधळ पाहून तो म्हणाला,

"अठ्ठेचाळीस किलोतला मी, सर."

नाव सांगितले असते तर कदाचित मला काहीच आठवले नसते. वजन सांगितले आणि सारे आठवले.

वाचकहो, एका मिशनच्या शाळेत मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होतो. तरुणपणी मुंबईत थोडेफार मुष्टियुद्ध शिकलो होतो आणि तो नाद कोकणात बरोबर घेऊन आलो होतो. आमच्याकडे ना धड रिंग, ना साधने. बाकांच्या मध्ये दोर बांधून मुले सराव करीत. हातमोज्यांच्या दोन जोड्या साऱ्या शाळेला पुरत. आमचे मुख्याध्यापक फादर मारामारीचा हा खेळ पाहून प्रथम नाराज झाले. परंतु वर्गातली भांडणे कमी झाल्याचे दिसताच त्यांनी स्वतःहून चटया आणून दिल्या.

१९९३ सालची गोष्ट. शालेय स्पर्धेसाठी संघ निवडायचा होता आणि निवडीसाठी बसलेल्या तिघांत मी एक होतो. अठ्ठेचाळीस किलो वजनगटात दोन मुले होती. एक आदल्या वर्षी स्पर्धेला जाऊन आलेला. त्याच्या वडिलांचा टेम्पो होता आणि आमचे सामान त्यांनी अनेकदा फुकट वाहिले होते. दुसरा गणपतीपुळ्याजवळच्या वाडीतला, वडील मासेमारीवर जाणारे. दोघांची लढत रविवारी सकाळी ठरली होती. वाडीतला मुलगा पहाटेची एस.टी. धरून आला. त्या दिवशी पाऊस कोसळत होता, सभागृह वेळेवर उघडले नाही आणि एका सहकाऱ्याला दुपारच्या गाडीने परगावी जायचे होते. आम्ही तिघांनी चहा घेतला. कुणीतरी म्हणाले, "गेल्या वर्षीच्या पोराला अनुभव आहे, त्यालाच पाठवू." दुसऱ्याने मान डोलावली. मीही डोलावली. टेम्पोचा उल्लेख कुणीच केला नाही. तो करण्याची गरजही नव्हती.

बाहेर येऊन मी निर्णय सांगितला. त्या मुलाने हातांना कापडी पट्ट्या बांधून ठेवल्या होत्या. तो काही बोलला नाही. एकेक पट्टी सोडवून त्याने तिची घट्ट गुंडाळी केली, दोन्ही गुंडाळ्या माझ्या हातात दिल्या आणि तो परतीच्या एस.टी.साठी स्टँडवर गेला. पुन्हा तो सरावाला आला नाही.

आम्ही पाठविलेल्या मुलाने कांस्यपदक आणले. त्या पदकाने माझ्या मनाची तक्रार बंद केली. निवड चुकली असती तर मी त्या रविवारी काय केले याचा विचार केला असता. निवड 'बरोबर' ठरली म्हणून केला नाही. त्यानंतर बत्तीस वर्षांनी मी त्याच मुलाच्या ओटीवर सोलकढी पीत बसलो होतो.

मुष्टियुद्धाच्या निवडीत एक कठोरपणा आहे आणि तो इतर खेळांच्या प्रेक्षकांना सहसा ठाऊक नसतो. क्रिकेटच्या दौऱ्यावर पंधरा-सोळा जण जातात. एखादा बाहेर बसला तरी संघात असतो. मुष्टियुद्धात मोठ्या स्पर्धेला एका वजनगटात देशाचा एकच खेळाडू जातो. राखीव म्हणून बाकावर बसण्याचे समाधानही दुसऱ्याला नाही. म्हणून येथे एकाला निवडणे म्हणजे बाकी साऱ्यांना घरी पाठविणे. हे काम करणाऱ्यांचे हात किती स्वच्छ असावे लागतात!

आणि आपल्या देशात या हातांचा इतिहास काय आहे? सप्टेंबर २०१२ मध्ये भारतीय हौशी मुष्टियुद्ध महासंघाची निवडणूक झाली आणि तीत गैरप्रकार झाल्याच्या संशयावरून डिसेंबरमध्ये 'आयबा' या जागतिक संघटनेने महासंघाला निलंबित केले. नंतरच्या काही स्पर्धांत आपल्या खेळाडूंना तिरंग्याऐवजी त्या संघटनेच्या ध्वजाखाली उतरावे लागले. २०१४ च्या सप्टेंबरात मुंबईत निवडणूक होऊन 'बॉक्सिंग इंडिया' ही नवी संस्था उभी राहिली. संदीप जाजोदिया अध्यक्ष झाले आणि महाराष्ट्राचे जय कवळी सरचिटणीस. वर्ष पुरे होण्याआधीच, मे २०१५ मध्ये, राज्यसंघटनांनी या दोघांवर अविश्वासाचा ठराव संमत केला. मग मुंबईचेच किशन नरसी यांच्या अध्यक्षतेखाली हंगामी समिती आली. सप्टेंबर २०१६ मध्ये पुन्हा मुंबईत निवडणूक होऊन 'बॉक्सिंग फेडरेशन ऑफ इंडिया' स्थापन झाले. अजय सिंह अध्यक्ष आणि जय कवळी पुन्हा सरचिटणीस.

चार वर्षांच्या या ओढाताणीची किंमत कुणी मोजली? २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला आपले आठ मुष्टियोद्धे गेले होते आणि मेरी कोमने कांस्यपदक आणले होते. २०१६ च्या रिओला पात्र ठरले अवघे तिघे, आणि तेही रिकाम्या हाताने परतले. भांडले ते खुर्च्यांवर बसणारे. वर्षे गेली ती विशी-बाविशीतल्या मुलांची. मुष्टियोद्ध्याच्या आयुष्यातली ती वर्षे परत देता येत नाहीत.

त्यानंतर कारभाराची घडी बसली असे वाटले, तरी निवडणुकांचे वाद संपले नाहीत. फेब्रुवारी २०२१ मध्ये अजय सिंह यांनी मुंबईच्या आशिष शेलार यांचा ३७ विरुद्ध २७ मतांनी पराभव केला. २०२५ ची निवडणूक मार्चमध्ये व्हायची, ती मतदारयादीच्या वादातून न्यायालयात गेली, मध्ये हंगामी समिती आली आणि मतदान झाले ऑगस्टमध्ये. अजय सिंह तिसऱ्यांदा अध्यक्ष झाले. या साऱ्या निवडणुकांत मते असतात ती राज्यसंघटनांच्या प्रतिनिधींची. रिंगणात ठोसे खाणाऱ्याचा आवाज तेथे फार क्षीण असतो.

आता निवडीकडे वळू. २०१९ च्या ऑक्टोबरात मेरी कोमने जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. ऑलिंपिकच्या पात्रता स्पर्धेला तिला चाचणीविनाच पाठवावे, असे संघटनेच्या मनात दिसले. तेव्हा निखत झरीन या तरुण मुलीने थेट केंद्रीय क्रीडामंत्र्यांना पत्र लिहून निवड-लढतीची मागणी केली. केवढी टीका झाली तिच्यावर! सहा वेळच्या जगज्जेतीला आव्हान देणारी ही कोण, असे विचारले गेले. अखेर २८ डिसेंबर २०१९ रोजी दिल्लीत लढत झाली आणि निखत मोठ्या फरकाने हरली. परंतु पुढे २०२२ मध्ये ती जगज्जेती झाली आणि २०२३ मध्ये पुन्हा. त्या दिवशी ती हरली हे खरे; पण रिंगणात हरली, बंद खोलीत नव्हे. रिंगणातला पराभव माणसाला काय कमी पडले ते सांगतो. खोलीतला पराभव काहीच सांगत नाही.

पुढे पद्धतच बदलली. एका लढतीऐवजी सराव शिबिरात काही दिवस खेळाडूंचे मूल्यमापन करून गुण द्यायचे आणि पहिला येईल त्याला पाठवायचे. या पद्धतीच्या बाजूने बोलण्यासारखेही पुष्कळ आहे, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. एका लढतीच्या दिवशी ताप असू शकतो, भुवई फुटू शकते, पंचांची नजर चुकू शकते. वारंवार होणाऱ्या चाचण्यांनी खेळाडू आपसांतच जायबंदी होतात. तरीही २०२३ च्या मार्चमध्ये मंजू रानी, शिक्षा नरवाल आणि पूनम पुनिया या तिघींनी दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. राष्ट्रीय स्पर्धेत सुवर्णपदक मिळवूनही संघात जागा नाही, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने निवडीत हस्तक्षेप केला नाही. त्याच महिन्यात दिल्लीत झालेल्या जागतिक स्पर्धेत भारताने चार सुवर्णपदके जिंकली, आणि त्यांतले एक मंजू रानीच्याच वजनगटात नीतू घंघासने मिळविले.

पदक आले, म्हणजे निवड बरोबर होती, असे सगळ्यांनी म्हटले. माझ्या मनात मात्र १९९३ चा तो रविवार उभा राहिला.

पुरुषांतही तेच घडले. राष्ट्रकुल विजेता अमित पंघाल गुणांत मागे राहिला, न्यायालयात जाऊनही उपयोग झाला नाही आणि दीपक भोरिया गेला. दीपकनेही २०२३ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक आणून आपली लायकी सिद्ध केली. पण ऑलिंपिकची पात्रता त्याला साधली नाही. मग पंघालला बोलावणे आले आणि त्याने २०२४ मध्ये बँकॉकला ती मिळविली. पॅरिसला तो पहिल्याच लढतीत हरला. आता कुणाची निवड बरोबर होती आणि कुणाची चूक? निकालावरून न्याय ठरवू गेले तर दर महिन्याला न्याय बदलेल. न्याय निकालाच्या आधीच व्हावा लागतो. नियम आधी सांगितलेला असावा, सर्वांना सारखा असावा, गुण कुणी आणि कशाचे दिले ते उघड असावे, आणि ज्याला वगळले त्याला समोर बसवून कारण सांगितले जावे. याहून अधिक काही खेळाडू मागत नाही.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा संमत केला. संघटनांच्या कार्यकारिणीत नामवंत खेळाडूंना जागा आणि तंटे सोडविण्यासाठी स्वतंत्र न्यायाधिकरण अशी तरतूद त्यात आहे. चांगलेच झाले. परंतु कायदा सभागृहाच्या दारापर्यंत येतो. आत चहा पिणाऱ्या तिघांच्या मनात शिरायला त्याला वेळ लागतो. आम्ही तिघे काही दुष्ट नव्हतो. आम्हाला घाई होती, पाऊस होता आणि एकाचे उपकार होते. बहुतेक अन्याय इतक्याच साध्या सामग्रीवर होतात. हेच आपल्या गावच्या पतपेढीत होते, मंडळात होते, शाळेच्या स्नेहसंमेलनातील नाटकाची पात्रे ठरवताना होते.

त्या रात्री जेवणे झाल्यावर मी घरमालकाला बोलावून शेजारी बसविले आणि म्हटले, "त्या दिवशी चूक झाली. आणि त्यात मी होतो."

तो ओशाळला. "जाऊ दे हो, सर. किती वर्षं झाली! त्यानं पदक आणलंन ना? पेपरात वाचलं होतं मी."

"त्याने आणले. पण तुला लढायला मिळाले नाही."

तो थोडा वेळ समुद्राच्या आवाजाकडे कान देऊन राहिला. मग म्हणाला, "हरलो असतो ना सर, तर विसरून गेलो असतो. वर्षभर राग असता, मग गेला असता. पण मी हरलोच नाही. आणि जिंकलोही नाही. अजून कधी कधी झोपेत पट्ट्या बांधतो."

यावर बोलण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते. क्षमा मागितली, तर तो पुन्हा "जाऊ दे" म्हणाला आणि सकाळी चहा किती वाजता हवा ते विचारून आत गेला.

दुसऱ्या दिवशी निघताना त्याने बिलातले जेवणाचे पैसे घेतले नाहीत. मी आग्रह केला, तेव्हा म्हणाला, "सर, तुम्ही शिकवलंत ते धरा ना त्यात." गाडी मालगुंडच्या रस्त्याला लागली तरी मी गप्पच होतो. पुढच्या सीटवरून नातवाने मान वळवून विचारले, "आजोबा, त्या दोघांची फाइट झाली असती तर कोण जिंकलं असतं?"

"मला माहीत नाही, बाळा," मी म्हणालो.

ते माहीत करून घेण्याचेच काम त्या दिवशी माझ्याकडे होते.