नेलपॉलिश आणि ४५० मेगाहर्ट्झ

संपादकांनी यंदा "इथल्या सुरुवातीच्या दिवसांबद्दल लिहा" म्हटलं, तेव्हा त्यांना बहुधा पहिला बर्फ किंवा पहिली गाडी अपेक्षित असावी. मी लिहिणार आहे १९९९ सालच्या एका प्रोसेसरबद्दल. मंडळातल्या जुन्या मंडळींना आमचा 'तो उघडा कॉम्प्युटर' आठवत असेल. हळदीकुंकवाला आलेल्या बायका त्याला वळसा घालून बसायच्या.

तेव्हा आम्ही एडिसनला एका बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये राहत होतो. नवरा एच-१ वर, वायटूकेच्या कामात गळ्यापर्यंत बुडालेला. मी एच-४ वर, म्हणजे पगारी काम करायला मनाई. इलेक्ट्रॉनिक्सची पदविका आणि पुण्यातल्या चार वर्षांच्या नोकरीची पत्रं बॅगेतल्या फायलीत. घरात कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं तेव्हा मी म्हटलं, तयार नको, सुटे भाग आणून मी जोडते.

त्या काळात इंटेलच्या सेलेरॉन ३००ए चा फार बोलबाला होता. १९९८ च्या ऑगस्टमध्ये तो आला तेव्हा त्याची किंमत १४९ डॉलर होती. त्याच वेळी आलेला पेंटियम टू ४५० होता ६६९ डॉलरला. सेलेरॉनची कॅश १२८ केबीच, पेंटियमची ५१२. पण सेलेरॉनची कॅश चिपवरच असल्याने प्रोसेसरच्या पूर्ण वेगाने चालायची, पेंटियमची निम्म्या वेगाने. प्रोसेसरचा वेग म्हणजे बसचा वेग गुणिले एक ठरावीक आकडा. इथे तो आकडा ४.५, आणि तो कंपनीने कुलूपबंद केलेला. बस ६६ ची, म्हणून ३००. बस १०० ची केली की ४५०, फुकटात! (हल्लीचे प्रोसेसर आपला वेग आपणच वरखाली करतात. मुलाला हे सगळं सांगितलं तर तो मी जात्यावर दळण दळायचे असं सांगितल्यासारखा बघतो.)

चांगल्या मदरबोर्डांवर बसचा वेग बायोसच्या मेनूतून बदलता यायचा. माझा बोर्ड स्वस्तातला, त्यात तसली सोय नव्हती. प्रोसेसर सांगेल तेवढीच बस तो देणार. पण प्रोसेसर हे सांगतो कसा? कडेच्या सोनेरी पट्ट्यांपैकी बी-२१ नावाच्या एका पट्टीवरून. ती झाकली की बोर्डाला वाटतं, पाहुणे १०० वाले आहेत. झाकायला टेप चालते, पण ती सॉकेटमध्ये घालताना सरकते. लग्नात आलेली लाल नेलपॉलिशची बाटली तशीच पडून होती. टाचणीच्या टोकाने एक ठिपका दिला, पंधरा मिनिटं वाळू दिला. पडद्यावर ४५० आलं. आणि विंडोज ९८ चे ढग दिसल्यावर सगळं गोठलं.

आमचे अण्णा मिरजेत रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांचा नियम होता की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची. मीही वही घातली. या जातीच्या बोर्डांवर मेमरीही बसच्याच वेगाने पळते, हे लक्षात घेऊन ६४ एमबीच्या दोन पट्ट्या आलटून पालटून लावल्या. दोन्हींवर लेबल १०० चंच होतं, पण एक त्या वेगाला टिकत नव्हती. ती काढली, विंडोज सुरू झालं. नवऱ्याने टाळ्या वाजवल्या.

इथपर्यंत खेळ होता. पण त्या वर्षी मंडळाच्या दिवाळी अंकाची अक्षरजुळणी माझ्याकडे आली होती. शंभराच्या आसपास पानं, पाच महिन्यांचं लोकांचं लेखन, आणि सगळं याच एका यंत्रावर. म्हणून मी प्राइम९५ ची चाचणी लावली. हा कार्यक्रम प्रोसेसरला प्रचंड गुणाकार करायला लावतो आणि आलेली उत्तरं आधीच माहीत असलेल्या उत्तरांशी ताडून बघतो. अकराव्या तासाला त्याने चूक दाखवली. विंडोज व्यवस्थित चालू, उंदीर हलतोय, घड्याळ पळतंय, फक्त गणित चुकलेलं.

"अगं, बंद तर पडत नाहीये ना?" नवरा म्हणाला.

"बंद पडला असता तर परवडलं असतं," मी म्हटलं. बंद पडलेलं यंत्र निदान कळतं. कोणाच्या कथेची फाइल गुपचूप बिघडवून तीच जपून ठेवणाऱ्या यंत्राचं काय करायचं?

रिमूव्हरने ठिपका पुसला. अख्खा अंक ३०० वर जुळवला. फोटोचं पान उघडेपर्यंत चहा व्हायचा. नोव्हेंबरात अंक वेळेवर निघाला.

दिवाळीनंतर ठिपका परत दिला आणि रोज रात्री चाचणी लावली. वहीत आठवडाभराच्या वेळा मांडल्यावर दिसलं की चुका होतात त्या पहाटे पाच ते सातच्या दरम्यान. पाच वाजता इमारतीचा बॉयलर सुरू व्हायचा आणि टेबलाखालचा रेडिएटर तापायचा. बोर्ड, मेमरी, प्रोसेसर, सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता. या बाईसाहेबांचं कोणाच्या मनातही आलं नव्हतं! टेबल समोरच्या भिंतीला नेलं, पेटीचं झाकण काढून ठेवलं, हीटसिंकखालची पेस्ट बदलली. छत्तीस तास एकही चूक नाही. मग मात्र तो यंत्रोबा २००४ पर्यंत ४५० वरच चालला, तोही झाकणाशिवाय.

ग्रीन कार्ड आल्यावर, म्हणजे २००३ मध्ये, मी एका चाचणी प्रयोगशाळेत मुलाखतीला गेले. अपेक्षेप्रमाणे मधल्या रिकाम्या वर्षांबद्दल विचारलं. मी वही पुढे केली. आकडे इंग्रजीत, शेरे मराठीत, एका पानावर नेलपॉलिशचा डाग. समोरच्या बाईंनी दोनचार पानं उलटली, वेळांचा तक्ता बघितला आणि विचारलं, "रोज पहाटे पाचला तुम्ही जाग्या असायचात?"

"कॉम्प्युटर असायचा," मी म्हटलं. "मी सातला उठून बघायचे."